तबकडीला रंग चढेना

सुती साडीचा रंग प्लॅस्टिकला चढत नाही. हे वाक्य बी.एस्सी.च्या पुस्तकात कुठेतरी असणार. मी केमिस्ट्री घेऊन फर्स्ट क्लासमध्ये पास झालेली आहे, तरी मला ते पहिल्यांदा कळलं ते राजूरच्या आमच्या न्हाणीघरात, दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे झाल्यावर. पाणी जांभळं, फरशी जांभळी, ढवळायची काठी जांभळी, सासूबाईंचा पंचा जांभळा. तबकडी मात्र दुकानातून आली तशीच पांढरी.

ही तबकडी डिस्क गोल्फची. हा खेळ आमच्या शाळेत यंदा सूरज सरांनी आणला. गोल्फसारखाच, पण चेंडू नाही आणि काठीही नाही. तबकडी फेकत फेकत लांबच्या टोपलीपर्यंत न्यायची आणि कमीत कमी फेकींत आत टाकायची. टोपल्या सरांनी वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतल्या. सायकलच्या जुन्या रिंगा, त्यांना बैलांच्या साखळ्या. तबकडी साखळीवर आपटली की असा आवाज होतो की पहिल्या दिवशी अर्धं गाव कुणाचं जनावर सुटलं म्हणून बाहेर आलं होतं.

सरांनी पुण्याहून आणलेल्या तबकड्या सगळ्या पांढऱ्या. शाळेच्या मैदानाला लागून काकासाहेबांचं कापसाचं रान. दसऱ्यानंतर कापूस फुटला आणि पांढरी तबकडी त्यात एकदा पडली की पडलीच. पहिल्याच आठवड्यात दोन गेल्या. एक काकासाहेबांना वेचणीत सापडली, ती त्यांनी ताकाच्या भांड्यावर झाकण म्हणून वापरायला घेतली. सर मागायला गेले तेव्हा त्यांनी आधी सरांना ताक पाजलं, मग पोरांनी मोडलेली झाडं एकेक करून दाखवली, आणि मग झाकण परत दिलं. गोष्ट हसनाबादच्या शाळेपर्यंत गेली. शनिवारी तिथंच केंद्राची स्पर्धा होती. त्यांचं पत्र आलं: प्रत्येक खेळाडूची तबकडी वेगळ्या रंगाची हवी, पांढरी चालणार नाही.

सरांच्या एका मित्राकडून लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन आल्या. मुलं चार. चौथी आमची साक्षी.

साक्षी तिसरीत आहे. तिच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असतो, 'हुशार आहे, बोलत नाही.' बोलत नाही याचं कारण मीच असणार, असं मला रात्रंदिवस वाटतं. ती रांगायला लागली तेव्हापासून मी तिच्या मागे आहे. कुत्रं, विंचू, उघडं डबकं, भरधाव मोटरसायकल, शेंगदाणा घशात अडकणं, हे सगळं व्हायच्या आधी मला दिसतं. त्यामुळे तिला काही बघावंच लागत नाही, मागावंही लागत नाही. पण ही तबकडी तिच्या हातातून सरळ जाते. का जाते ते सरांनाही सांगता येत नाही. सोमवारी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "मम्मी, मला जांभळी पाहिजे." जन्मल्यापासून तिने रंग सांगून काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, मिळेल.

ऑनलाइन बघितलं तर राजूरला यायला आठ दिवस. सर म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रंगीत तबकडी दाखवा, नाहीतर मला दुसरं मूल न्यावं लागेल, ज्याच्याकडे निळी आहे. हे सांगताना बिचाऱ्यांनी मान खाली घातली होती. मग दोन पांढऱ्या तबकड्या माझ्या हातात दिल्या, एक खेळायला आणि एक प्रयोगाला. "तुमचं केमिस्ट्री झालंय ना, ताई," असंही म्हणाले. डिग्री घेतल्यापासून नऊ वर्षांत माझ्या केमिस्ट्रीची कुणी आठवण काढली नव्हती. मी एकदम ताठ चालत घरी आले.

पण शाळेची वस्तू रंगवायची तर परवानगी लागते. मुख्याध्यापक अण्णासाहेबांनी साठा नोंदवही काढली. तीत तबकड्या 'पांढऱ्या प्लॅस्टिक थाळ्या, नग सहा' अशा चढल्या होत्या, तेही पोषण आहाराच्या भांड्यांच्या पानावर. अण्णासाहेबांचं म्हणणं असं की तपासणीला साहेब आले आणि नोंदीत पांढरी, हातात जांभळी, तर पांढरी कुठे गेली हा प्रश्न त्यांना विचारला जाईल, मला नाही. मी म्हटलं, पांढरीच जांभळी झाली. ते म्हणाले, हे तुम्ही म्हणता, नोंदवही म्हणत नाही. शेवटी मी अर्ज लिहिला. विषय: 'थाळीच्या रंगात बदल करणेबाबत.' त्यांनी त्यावर शेरा मारला, 'मूळ पांढरी. रंग न चढल्यास पूर्ववत करून देण्यात यावी.' रंग चढलाच नाही तर पूर्ववत काय करायचं, हे मी विचारलं नाही. सही झाली होती.

तर मंगळवारी न्हाणीघरात हे झालं. किराणा दुकानातून कपडे रंगवायची पुडी आणली होती. पुडीवर एक बाई हसत साडी झटकत होती. शेजारच्या दैवशालाकाकू खुर्ची घेऊनच आल्या. त्यांनी स्वतःच्या तीन विटलेल्या साड्या घरी रंगवल्या आहेत, म्हणून या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. रंग पक्का बसायला मीठ पाहिजे म्हणाल्या, मी घातलं. मग तुरटी म्हणाल्या, तीही घातली. मग व्हिनेगर. ते संपलं होतं म्हणून लोणच्याचा खार घातला. त्यातली मोहरी तबकडीला चिकटली, रंग चिकटला नाही.

काकू तबकडी उजेडात धरून म्हणाल्या, "बाई, हिला पीळच देता येत न्हाई. पीळ दिल्याबिगर रंग कसा पिणार?"

मी माझा फर्स्ट क्लास घेऊन तबकडीवरची मोहरी वेचायला बसले.

सासूबाईंचा मुद्दा वेगळा होता, पातेल्याचा. आमच्या घरात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, चार पातेली आहेत आणि प्रत्येकाला कूळ आहे. मी घेतलेल्या पातेल्यात माझ्या नवऱ्याच्या बारशाच्या घुगऱ्या शिजल्या होत्या. मी ते घासून घासून परत पांढरं केलं, बोटांची सालं निघेपर्यंत. सासूबाईंनी त्यात डोकावून बघितलं आणि न बोलता ते देवघराच्या विरुद्ध भिंतीला पालथं घातलं. त्यांचं न बोलणं बोलण्यापेक्षा लांब चालतं. बुधवारपर्यंत चाललं.

बुधवारी यांनी सूत्रं हातात घेतली. हे म्हणजे सोमेश्वर, जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहेत, रोज जाऊन-येऊन करतात. कापसाचं बियाणं पाकिटातून गुलाबी, निळं, जांभळं निघतं ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. तो रंग यांच्या हाताखाली पिंपाने असतो, ही गोष्ट त्यांना दोन दिवस सुचली नव्हती. सुचल्यावर मात्र घरात असे शिरले जणू शोध लावूनच आले. च्यवनप्राशच्या बरणीत रंग होता. मी आधी बरणी दाराबाहेर ठेवायला लावली. बियाण्याला औषध लावतात. साक्षी बोटं तोंडात घालते. त्यांनी शपथेवर सांगितलं, "औषध अलग, रंग अलग. हा निव्वळ रंग हाय, बिलकुल साधा." मी पाच वेळा विचारलं. पाचव्या वेळी त्यांनी मॅनेजरला फोन लावला आणि मॅनेजरनेही मला तेच सांगितलं, जरा त्रासून.

आणि रंग बसला. ब्रशचा एक हात मारला, तबकडी जांभळी. दुसरा हात, चमकायला लागली. साक्षी तिच्याकडे बघत पायरीवर बसून राहिली, वाळेपर्यंत हलली नाही. मी सरांना फोटो पाठवला. सरांनी अंगठा पाठवला. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि बोलल्या.

मग साक्षीने गल्लीत एक फेक घेतली.

पहिल्या फेकीनंतर तिचा तळवा जांभळा झाला. दुसरीनंतर फ्रॉक. तिसरी दैवशालाकाकूंच्या भिंतीला लागली, तिथं चंद्रकोर उमटली. चौथी काकूंच्या पांढऱ्या शेळीला घासून गेली. दहाव्या फेकीला तबकडी जवळजवळ पांढरी झाली होती आणि गल्ली जांभळी. यांनी मान हलवून सांगितलं की बरोबरच आहे, हा रंग बियाणं ओळखू यावं म्हणून असतो, पहिल्या पाण्यात धुऊन जावा अशीच सोय असते. हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

काकूंनी शेळी आमच्या दारात आणून बांधली, तक्रार म्हणून नाही, पुरावा म्हणून. मी तिला साबणाने धुतलं. शेळी धुणाऱ्या बाईला येणारेजाणारे काही म्हणत नाहीत, फक्त चाल मंद करतात.

त्या संध्याकाळी साक्षी रडली नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती. तिने जेवणानंतर स्वतःहून उरलेली पांढरी तबकडी दप्तरात सरांना परत द्यायला ठेवली, पुठ्ठ्यात गुंडाळून. तीच मी काढून माझ्या पिशवीत घातली.

गुरुवारी जालन्याला निघाले. चतुर्थी होती. सगळं जग राजूरच्या गणपतीला येत होतं आणि मी राजूरहून बाहेर जात होते. एसटीत कंडक्टर, मी आणि एक आजोबा. कंडक्टरने दर्शन न घेता कुठे चाललात असं विचारलं. मी रंग आणायला म्हटलं. त्याने माझ्या हातांकडे बघितलं आणि तिकीट फाडलं.

जालन्यात राधेश्यामजींचं रंगाचं दुकान जुनं. साड्या रंगवणारे, गालिचेवाले, सगळे तिथूनच नेतात. एवढ्या मोठ्या दुकानात जाऊन प्लॅस्टिकची तबकडी रंगवायची आहे हे सांगायला जीभ रेटेना. बाजूला दोन बायका उभ्या होत्या. मी साडी रंगवायचीय असं सांगितलं.

"सूत के टेरिकॉट?"

याचा विचार मी केला नव्हता. मी दोन्ही म्हणाले.

राधेश्यामजींनी चष्मा वर केला. सूत वेगळा रंग पितं, टेरिकॉट वेगळा, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. साडी दाखवा म्हणाले. साडी घरी आहे म्हटलं. मग नमुना दाखवा. नमुना नाही म्हटलं. किती वार आहे, नऊ का पाच? एव्हाना त्या दोन्ही बायका स्वतःची खरेदी सोडून माझ्या साडीची वाट बघायला लागल्या होत्या. मी पिशवीतून तबकडी काढून गल्ल्यावर ठेवली.

त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, नखाने वाजवली, दातांत धरून बघायचं फक्त बाकी ठेवलं. "ही साडी हाय?"

मग मी सगळं सांगितलं. साक्षीचं, शनिवारचं, शेळीचंसुद्धा. त्यांनी मागच्या फडताळातून एक छोटा डबा काढला. टेरिकॉटच्या शर्टाला मॅचिंग बटणं रंगवायला टेलर लोक हाच नेतात म्हणाले. "ये सुताला लागत न्हाई, बाई. ज्याला दुसरं काई लागत न्हाई ना, त्याला ये लागतो." मग बजावलं: स्वयंपाकाचं भांडं घ्यायचं नाही, दारं उघडी ठेवायची, पाणी कडक तापवायचं पण उकळू द्यायचं नाही. पैसे देताना त्या बायकांपैकी एकीने कोणत्या शाळेत हा खेळ शिकवतात असं विचारलं. तिला दहावीला क्रीडा गुण मिळतात का ते हवं होतं.

शुक्रवारी सकाळी हे आणि साक्षी बाहेर पडल्यावर मी अंगणात चूल मांडली. पाचवं पातेलं आदल्या दिवशी जालन्यातूनच विकत आणलं होतं, त्याला कूळ नव्हतं. डबा उघडला आणि सगळ्या गल्लीला डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. काकू नाकाला पदर लावून, पण खुर्ची घेऊन आल्या. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या.

आधी ती शेळीला लागलेली तबकडी टाकली, प्रयोगाची. पाणी उकळू द्यायचं नाही हे मला पाठ होतं. पण नेमकं तेव्हा अण्णासाहेबांचा फोन आला की रंग चढला का नाही ते लेखी कळवा. मी फोनवर 'प्रक्रिया सुरू आहे' असं म्हणेपर्यंत पाणी खदखदलं. तबकडी काढली तर गडद जांभळी, सुरेख, डाग नाही, आणि आकाराने तसराळं. मधोमध खोलगट, कडा वर आलेल्या. सासूबाईंनी हातात घेतली आणि म्हणाल्या, कालवणाला बरी हाय. त्यांना थट्टा करायची नव्हती, त्यांना खरंच तसं वाटलं.

उरलेली एकच. सरांची, साक्षीची, नोंदवहीतली.

काकू म्हणाल्या, झाकण लावून दाबून ठेव. मग म्हणाल्या, नको. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सल्ला मागे घेतला, त्यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं. मी जाळ बारीक केला. सासूबाई उठल्या, पातेल्याजवळ आल्या आणि दुधाला बघतात तसं पाण्याकडे बघत बसल्या. दुधावर त्यांची चाळीस वर्षांची नजर आहे, उतू गेलेलं मी तरी बघितलेलं नाही. कडेला बारीक बुडबुडा आला की त्या नुसता हात वर करायच्या, मी जळतं लाकूड मागे ओढायची. तासभर आम्ही दोघी अशा, एक हात वर, एक लाकूड मागे. तबकडी काढली तेव्हा ती सपाट होती. जांभळी होती. घासली, धुतली, पांढऱ्या रुमालाने पुसली. रुमाल पांढरा राहिला.

संध्याकाळी सरांनी ती बघितली. फॉर्मवर 'जांभळा' लिहिलं. साक्षीने तबकडी घेऊन नाकाला लावली आणि वासासकट दप्तरात घातली.

शनिवारी हसनाबादला पोहोचलो. कापसाची तक्रार लक्षात ठेवून तिथल्या लोकांनी शहाणपणा केला होता. शाळेमागचं सोयाबीन निघालेलं रान घेतलं होतं. ना झाड, ना गवत, ना कापूस. दोन दिवसांपूर्वीच ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मारून माती उलथलेलं. पांढरं कबुतर उतरलं असतं तर कोसावरून दिसलं असतं. समोर पसरलेलं सगळं रान काळंभोर होतं आणि माझ्या मुलीच्या हातात गडद जांभळी तबकडी होती. हे मला बसमधून उतरतानाच कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. पत्रात पांढरी चालणार नाही असंच लिहिलं होतं.

पहिल्या दोन टोपल्या जवळ होत्या, निभावल्या. तिसरी लांब. साक्षीने फेकली, तबकडी सरळ गेली, खाली आली आणि नाहीशी झाली. पंच म्हणाले, तीन मिनिटं. नाही सापडली तर बाद. त्यांनी शिट्टी वाजवली. पोरं रानात पांगली, ढेकळं उचलून उचलून बघायला लागली. मी चपला काढल्या आणि दोरी ओलांडली.

पंचांनी मला थांबवलं. पालक दोरीबाहेर. मी म्हटलं, भेगांत काही असतं, साप असतो, ती लहान आहे. ते म्हणाले, रोटाव्हेटर फिरल्यावर सापसुद्धा राहत नसतो, ताई, मागं व्हा. सगळ्या केंद्रातल्या शिक्षकांसमोर, जांभळ्या हातांनी, अनवाणी, मी त्यांच्याशी वाद घालत होते. एक मिनिट त्यातच गेलं.

साक्षी अजून फेकीच्या जागेवरच उभी होती. ती वळली. एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्याने, मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"मम्मी, तू तिथंच थांब. मला माहितीय कुठंय."

मी थांबले. पंचही थांबले. ती निघाली, शोधत नाही, नुसती चालत, पोरांच्या मधून. मध्ये तिचा बूट भुसभुशीत मातीत रुतला. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि परत घेतलं. तिने बूट उपसला, हातात घेतला, तशीच एका पायाने मोजा मळवत पुढे गेली. लांब एका ठिकाणी वाकली. उठली तेव्हा तिच्या हातात ढेकळासारखं काहीतरी होतं. पंचांनी फॉर्म बघितला, जांभळा. वस्तू बघितली, काळी. साक्षीने ती फ्रॉकला पुसून त्यांच्यापुढे धरली.

तिचा अकरावा नंबर आला. सोळा मुलं होती. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, मागं पाच हायेत ना, मंग बास.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, तबकडी मांडीवर, एक मोजा काळा. मी विचारलं, एवढ्या पोरांना दिसली नाही, तुला कशी दिसली?

तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "फेकल्यापासून मी बघतच होते तिच्याकडं. तू नव्हतीस बघत?"

मी नव्हते. मी तिच्या पायांकडे बघत होते.